दावीद राजाचा पोवाडा

माझ्या वडिलांना मी सोळाव्या वर्षी राजा केलं. तसे ते आधीपासून होतेच म्हणा. आमच्या मराठी मंडळाचे सलग अकरा वर्षं अध्यक्ष. पण त्यांच्यावर पोवाडा रचून तो भर सभेत डफ वाजवून म्हणणारी, आणि म्हणता म्हणता सगळ्या सभेला घाम फोडणारी मी पहिलीच. शेवटचीही मीच असेन. आज माझी मुलगी त्याच वयाची आहे आणि चारचौघांत मी तोंड उघडलं की ती आधीच 'मॉम, प्लीज डोन्ट' म्हणते. मला तेव्हा असं कुणी म्हणायला हवं होतं. तसं एका बाईंनी म्हटलंही होतं, पण मी ऐकणाऱ्यातली नव्हते. अजूनही नाही, असं माझा नवरा म्हणतो, आणि मी ते ऐकत नाही.

आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहायचो. वडील एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. त्यांना घरात, मंडळात, स्टेशनच्या पार्किंगमध्ये सगळे अण्णाच म्हणत, मीसुद्धा. शनिवारी सकाळी आईची फोडणी पडली की जिन्यातला स्मोक अलार्म कोकलायला लागायचा. मग अण्णा एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने अलार्मखाली टॉवेल फिरवत मंडळाचं कामकाज चालवायचे. फोनवरच्या लोकांनाही त्याची इतकी सवय झाली होती की अलार्म वाजला नाही तर 'घरी सगळं ठीक ना?' असं विचारायचे. कामकाज म्हणजे मुख्यतः स्वयंपाकाची वाटणी. गणपती असो, संक्रांत असो, मंडळाचं जेवण बाहेरून आणायचं नाही हा अण्णांचा कायदा. तीस घरांत तीस पदार्थ वाटून द्यायचे; आणि कुणाला काय येतं यावर नव्हे, तर कुणाला काय येतं असं अण्णांना वाटतं यावर ही वाटणी चालायची. एका बिचाऱ्या काकूंनी नऊ वर्षं अळूवडी केली. त्यांना अळूवडी आवडतही नव्हती, हे त्या फ्लोरिडाला गेल्यावर कळलं.

पुरणपोळी मात्र नगरच्या रूथमावशींकडेच असायची. त्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या, बुटक्या, ठसठशीत, हसल्या की डोळे मिटणाऱ्या. त्यांच्या हातची पुरणपोळी कडेपर्यंत भरलेली असायची आणि गणपतीचे उकडीचे मोदकही त्याच करायच्या. त्या ख्रिस्ती आहेत हे मंडळाला डिसेंबरात केक आला की आठवायचं, आणि जानेवारीत तिळगूळ आला की पुन्हा विसरायला व्हायचं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ या विसरण्यातच आहे, आणि त्यात सगळ्यांत मोठी विसरभोळी मीच होते.

अण्णांची आणखी दोन वैशिष्ट्यं सांगायला हवीत. एक, त्यांचं प्रास्ताविक पाऊण तास चालायचं. एकदा हातात आलेला माइक ते सुखासुखी सोडत नसत. पोरं आम्ही त्या वेळात बाहेर जाऊन एक डाव खेळून परत यायचो. आणि दुसरं, विमानतळावर कुणी मराठी पोरगं शिकायला उतरणार असं कानावर आलं की ते गाडी घेऊन हजर. असाच त्यांनी शिरीषला आणला. सांगलीचा, दोन बॅगा आणि एक तबल्याची पिशवी. त्याचं एमएस झालं, नोकरी लागली आणि पाचच आठवड्यांत ती कंपनी बसली. तेव्हा अण्णांनी त्याला बोलावून घेतलं आणि आमच्या बेसमेंटमध्ये ठेवलं. सात महिने राहिला. अण्णांनी त्याला स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी शिकवली, ओरडून ओरडून. मला त्याने अल्जिब्रा शिकवलं, न ओरडता. मी त्याला राखी बांधायची. पुढे पार्सिपनीला नोकरी लागून तो अपार्टमेंटमध्ये राहायला गेला, तरी दर रविवारी दुपारी त्याचं ताट आमच्याकडेच असायचं, आणि अण्णा 'शिऱ्या आला की वाढ' म्हणून आईला थांबवून ठेवायचे. अण्णांनीच त्याला मंडळाचा सेक्रेटरी केलं. आई-अण्णांना मुलगा नव्हता असं मी म्हणणार नाही. तो होता.

आणि याच शिरीषने बंड केलं. आता विचार केला तर त्याचं सगळं म्हणणं रास्त होतं. नोकरी करणाऱ्या बायांनी आठवडाभर राबून शनिवारी पन्नास जणांचा मसालेभात का करायचा, केटरिंग आणूया. कार्यक्रम तीन तासांत संपवूया. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलूया. नव्या आलेल्या पोरापोरींना हे फार पटायचं. हॉलच्या दाराशी, जिथे सगळे चपला काढायचे, तिथे शिरीष उभा राहायचा. चप्पल शोधणाऱ्या प्रत्येकाची कुरकुर मन लावून ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, मी असतो तर काहीतरी केलं असतं यार. तेव्हा त्याने केसही वाढवले होते, मागे रबरबँड. पण चूक त्याने एक केली. हे सगळं त्याने रविवारच्या ताटावर बसून नाही सांगितलं, मंडळाच्या ईमेल ग्रुपवर लिहिलं. इंग्रजीत, मुद्दे क्रमांक एक ते सात, वर 'रिस्पेक्टेड अण्णा'. खाली, येत्या सर्वसाधारण सभेत मी अध्यक्षपदाला उभा राहतोय. अण्णांनी ते छापून काढलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं आता स्फोट होणार. ते एवढंच म्हणाले, "घरात जेवत होता की. तेव्हा बोलला असता." मग कागदाची नीट घडी करून त्यांनी ती सांडशीच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढच्या रविवारी शिरीष आला नाही, अण्णांनी बोलावलं नाही, आणि आई मात्र सवयीने चार ताटं घेत राहिली. चौथं ताट ती परत कपाटात ठेवायची. त्या ताटाचा आवाज मला सहन व्हायचा नाही. मला शिरीषचा भयंकर राग आला होता आणि मला तो परत हवा होता, दोन्ही एकदम.

नेमक्या त्याच दिवसांत शाळेत आमच्या इंग्रजीच्या मिसेस केलर जुन्या दरबारी कवींबद्दल शिकवत होत्या. राजावर संकट आलं, राजाच्या रक्ताचंच माणूस उलटलं, की त्याच्या बाजूने लिहिणारा कवी नावं घेऊन लिहीत नसे. तो बायबलातली एखादी गोष्ट उचलायचा. आपला राजा म्हणजे डेव्हिड, उलटलेला पोरगा म्हणजे त्याचा लाडका मुलगा, त्याला फूस लावणारा कारस्थानी म्हणजे त्या गोष्टीतला कपटी सल्लागार. गोष्ट सगळ्यांना पाठ असल्यामुळे नाव न घेताही कोण कोण ते लोकांना बरोबर कळायचं, आणि कवीला म्हणता यायचं की छे, मी तर जुनी गोष्ट सांगतोय. मिसेस केलरनी गोष्टीचा दोन पानी सारांश वाटला. मेंढ्या राखणारा पोरगा गोफणीने राक्षस मारतो, राजा होतो, म्हातारपणी त्याचा देखणा लांब केसांचा मुलगा वेशीपाशी उभा राहून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो आणि त्यांना फितवतो. मी वर्गात ताठ बसले. वेस. लांब केस. मी असतो तर. हे तर आमच्या चपलांच्या दाराचं वर्णन होतं. शाळेच्या बसमध्ये मी पहिलं कडवं रचलं. इंग्रजीत नव्हे; राजाची बाजू घ्यायची तर पोवाडाच हवा. गणपतीत दर वर्षी पोवाडा म्हणून म्हणून माझा घसा त्या चालीत बसलेला होता.

गोफण घेउन आला गडी । मेंढपाळाचं पोर ।
राक्षसासमोर उभा राहिला । जिवाला नाही घोर । जी जी रं जी ॥

राक्षस म्हणजे टाउनशिपचा फायर मार्शल, आगीचे नियम पाळायला लावणारा अधिकारी. साडेसहा फुटांचा तो माणूस, शाळेच्या हॉलमध्ये निरांजन लावू देईना. आरती म्हणजे ओपन फ्लेम. तेव्हा अण्णांनी त्याला घरी जेवायला बोलावलं, कढीभात वाढला आणि दोन तास समजावलं. शेवटी त्या माणसाने फायर एक्स्टिंग्विशर हातात धरून स्वतः आरतीला उभं राहण्याच्या अटीवर परवानगी दिली. पुढे दर वर्षी तो यायचा, हातात ते लाल नळकांडं, आणि 'मोरया' म्हणायचा. एवढा पराक्रम पोवाड्यात यायलाच हवा होता. मग डेव्हिड राजाचं राज्य, राजाची ममता, एक कपटी सल्लागार, आणि नंतर,

केस मोकळे पाठीवरती । अंगात भरला ताठा ।
वेशीवरती उभा राहुनी । अडवी लोकांच्या वाटा ।
'राजा तुमचं ऐकत नाही । मी असतो तर ऐकतो' ।
असं बोलुनी लेक लाडका । बापाची प्रजा फितवतो । जी जी रं जी ॥

हा पहिला भाग मी मंडळाच्या अंकात दिला. अंक म्हणजे स्टेपल मारलेली बारा झेरॉक्स पानं. अण्णांना न सांगता दिला, आश्चर्याचा धक्का म्हणून. धक्का बसला. फक्त मिसेस केलरनी सांगितलेली एक गोष्ट मी लक्षात घेतली नव्हती, ती म्हणजे गोष्ट सगळ्यांना पाठ असावी लागते. आमच्या मंडळात ती कुणालाच माहीत नव्हती. डेव्हिड म्हणजे कोण, ऑफिसातला का, असं एका काकांनी फोन करून विचारलं. पण काहीतरी सूचक आहे, कुणावर तरी आहे, हा वास मात्र सगळ्यांना आला, आणि आपल्या लोकांना एकदा तो वास आला की चैन पडत नाही. कपटी सल्लागार आपल्यालाच म्हटलंय असं तीन काकांनी ठरवलं. त्यांतले दोन रागावले आणि एक खूश झाले, कारण आपल्याला कुणी सल्लागार म्हणेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मोटेलमधून शांपूच्या बाटल्यांबरोबर चुकून आलेली बायबलं कपाटांतून बाहेर निघाली. इतकी निघाली की अमेरिका पाहताना मंडळींनी नक्की काय काय उचललं याचीच चर्चा झाली. पण ते एवढं मोठं पुस्तक आणि बारीक छपाई. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की अरे, आपल्या रूथताई आहेत ना.

बाई माझे, त्या एका आठवड्यात रूथमावशींचा फोन जेवढा वाजला तेवढा आमचाही कधी वाजला नसेल. त्या भल्या बाईने विचारेल त्याला गोष्ट सांगितली. आणि इथे माझी खरी माती झाली. पोवाड्यात राजाला जरा शोभा यावी म्हणून मी पदरचं एक कडवं घातलं होतं, की संध्याकाळी राजा गच्चीवर उभा राहून आपलं नगर न्याहाळतो. सारांशात तसं काही नव्हतं. राजा म्हटलं की गच्ची, एवढाच माझा विचार. लोकांनी रूथमावशींना विचारलं, गच्चीवर काय करतो हो तो? त्या म्हणाल्या, तिथूनच तर सगळं सुरू झालं ना. शेजारची बाई अंघोळ करताना दिसली. पुढे तिच्या नवऱ्याला लढाईवर धाडून मारवलं त्याने.

त्यानंतर मंडळात कुणी डेव्हिड कोण हे विचारलं नाही. डेव्हिड म्हणजे अण्णा हे सर्वांना मान्य होतं. प्रश्न एकच उरला, ती बाई कोण. आईला पहिला फोन आला तेव्हा ती हसली. दुसऱ्याला 'असं होय' म्हणाली. तिसरा फोन खाली ठेवून तिने खिडकीतून मागच्या अंगणाकडे पाहिलं. आमच्या शेजारच्या घराच्या डेकवर गरम पाण्याचा हॉट टब होता, आणि दर शरद ऋतूत अण्णा शिडी लावून छपरावर चढून कडेच्या पन्हळींतली, म्हणजे गटर्समधली, पानं काढायचे, सावकाश, शीळ घालत. शेजारीणबाई सत्तरीच्या होत्या, त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून डॉक्टरने तो टब सांगितला होता. आईलाही हे माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी तिने अण्णांना विचारलं की या वर्षी गटर साफ करायला तुम्हाला तीन शनिवार का लागले. अण्णांना काहीच कळेना. मी जिन्यात बसून ऐकत होते आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शेवटी मीच खाली जाऊन सगळं सांगितलं. आईला जे हसू फुटलं ते कितीतरी वेळ आवरेना. अण्णा हसले नाहीत. "मनू, माझ्या बाजूने तू आता लिहू नकोस," एवढं म्हणून ते टीव्ही लावून बसले. दुसऱ्या दिवशी गटर साफ करायला त्यांनी एक माणूस बोलावला.

मी लिहू नये हे मला मान्य नव्हतं. घाण मी केली तर ती मीच निस्तरणार, आणि शिवाय अर्धवट काही टाकायचं नाही हे आईनेच ताटातल्या शेवटच्या घासावरून मला शिकवलेलं. सभेच्या दिवशी जेवणानंतर आणि मतदानाआधी करमणुकीचे कार्यक्रम असत. तिथे दुसरा भाग म्हणायचा, बंडखोराची खोड मोडायची आणि राजाला गादीवर बसवायचं, असा माझा बेत. मिसेस केलरचा सारांश मात्र बंड सुरू होतं तिथेच संपत होता. खाली गृहपाठाचा प्रश्न होता, कवीने काव्य इथेच का थांबवलं असेल? मी उत्तर लिहिलं होतं की त्याला वेळ कमी पडला असावा. त्यावर लाल शाईत सी मिळाला होता.

पुढची गोष्ट कळावी म्हणून मी रूथमावशींकडे गेले. त्यांच्या घरी वाटाण्याच्या उसळीचा वास आणि रेडिओवर हलक्या आवाजात कसलीशी मराठी भजनं. ती येशूची होती हे दोन ओळी गेल्यावर कळलं. त्यांनी काळ्या कापडी बांधणीचं पुस्तक काढून दिलं, नगरहून आणलेलं. मराठीत. मी ते हातात धरून खुळ्यासारखी उभी राहिले. डेव्हिड नव्हे, दावीद. त्याच्या मुलाचं नाव अबशालोम. हे सगळं मी मिसेस केलरकडून, इंग्रजीतून, काहीतरी परदेशी माल म्हणून आणत होते, आणि ते आमच्या पुरणपोळीच्या घरात कधीचं मराठीत ठेवलेलं होतं. मला लाज वाटली आणि मी ती बोलूनही दाखवली. रूथमावशी म्हणाल्या, "अगं, कुणी विचारलंच नाही कधी. सगळ्यांना पोळीच हवी." मग त्यांनी वाटीत उसळ घातली, माझ्यासमोर बसल्या आणि हसू बाजूला ठेवून म्हणाल्या, "हा पुढचा भाग लिहू नकोस, मनू. मला वाचताना दर वेळी रडू येतं." मी मान हलवली, उसळ खाल्ली आणि घरी येऊन तो पुढचा भाग लिहिला. अबशालोम खेचरावरून पळतो, झाडाखालून जाताना त्याचे केस फांदीत अडकतात, तो लटकतो, आणि राजाचा सेनापती त्याला भाल्यांनी मारतो. मला शिरीषला मारायचं नव्हतं, देवाशपथ. पण गोष्टच तशी होती, आणि गोष्ट बदलायची नसते असं मला सोळाव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं.

सभा मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात होती. अण्णांच्या कायद्याप्रमाणे मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, अॅल्युमिनियमच्या ट्रेमधून. शिरीष आला तो त्याच्या आईला घेऊन. त्या दोनच आठवड्यांपूर्वी सांगलीहून आल्या होत्या. नऊवारी, वर शिरीषचं जाडजूड जॅकेट, पायात मोजे आणि चपला. आणि त्याने त्यांना भांडणाचा एक शब्द सांगितलेला नव्हता. सात वर्षं पत्रांत आणि फोनवर अण्णांचं गुणगान ऐकलेली ती बाई सरळ पुढच्या रांगेत अण्णांपाशी आली आणि भडंगाचा डबा त्यांच्या हातात देऊन म्हणाली की तुमच्यामुळं माझं पोरगं या मुलखात उभं राहिलं. अण्णांनी डबा घेतला. झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. मग ते म्हणाले, मुलगा गुणी आहे तुमचा. शिरीष मागे भिंतीशी उभा राहून बुटांकडे बघत होता. शिरीषच्या आई अण्णांच्या शेजारीच बसल्या.

माझं नाव पुकारलं. शाळेच्या म्युझिक रूममधली डफली घेऊन, आईच्या साडीचा फेटा बांधून मी स्टेजवर उभी राहिले आणि खडा आवाज लावला. आवाज चांगला होता माझा, हे मला सांगू दे. बाकी काहीच चांगलं झालं नाही त्या दिवशी. लोक खुर्च्या पुढे ओढून बसले, कारण शेजारची बाई कोण ते आज कळेल अशी त्यांची आशा होती. अबशालोमचे केस आले तेव्हा सगळ्या माना मागच्या भिंतीकडे वळल्या. शिरीषच्या आईंचीही वळली. त्यांनी लेकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरायला लागलं. ते मला दिसत होतं. पण पोवाड्याला एक वेग असतो, आणि मी थांबणाऱ्यातली नव्हते.

ओकाच्या झाडाखालुनी । खेचर निघालं पळत ।
फांदीत केस अडकले वरती । गडी राहिला लोंबकळत ।
सेनापतीनं घेतले हाती । भाले तीन अणकुचीदार । जी जी...

"थांब." अण्णा उभे राहिले होते. हातात भडंगाचा डबा तसाच. ते पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी माइक घेतला, म्हणजे नेहमीसारखा घेतला, पण प्रास्ताविक केलं नाही.

"पोरगं मरायचं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, अण्णा, गोष्टीतच तसं आहे. माझ्यासमोर स्टँडवरचा दुसरा माइकही चालूच होता, त्यामुळे हे सगळ्या कॅफेटेरियाने ऐकलं. मग गोष्ट बदल, ते म्हणाले. मी म्हटलं, बदलता येत नाही, ती सगळ्यांना माहीत असते. इथे कुणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं.

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे बघ, कुणीतरी मरायलाच हवं असेल ना, तर त्या राजाला मार. त्याचं झालंय सगळं. याच्या जागी त्याला घे. पण पोराला आधी झाडावरून खाली काढ."

शिरीषच्या आईंनी पदर तोंडाला लावला होता. मागे भिंतीशी शिरीष आमच्याकडे पाठ करून रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचायला लागला. रचलेल्या पुन्हा उतरवायचा आणि पुन्हा रचायचा. मी फेटा काढला आणि स्टेजच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथे रूथमावशी डोळे पुसत माझी वाटच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पुढे तो राजा हेच म्हणतो गं. बातमी कळल्यावर. माझ्या मुला, तुझ्याऐवजी मीच मेलो असतो तर. यांनी कधी वाचलं?" अण्णांनी वाचलेलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी ते पुस्तक उघडलं नाही, पुढेही नाही. कवी मध्येच का थांबला असेल या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, त्या कॅफेटेरियात, जिलबीच्या ट्रेपाशी कळलं. राजाचं त्या मुलावर प्रेम होतं आणि कवीला ते माहीत होतं. मिसेस केलरना मी हे नंतर कधी सांगितलं नाही, सी तसाच राहिला.

मतदान झालं. अण्णा हरले, थोडक्यात नव्हे, चांगलेच. हात वर करून मत द्यायची पद्धत होती, आणि शिरीषच्या बाजूने पहिला हात अण्णांचा वर गेला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहून कपाळाला हात लावला, तर तोही मोजला गेला. अण्णांनी नव्या अध्यक्षांकडे कॅफेटेरियाची किल्ली दिली आणि घरोघरच्या पदार्थांची यादी दिली. शिरीषने ती दोन्ही हातांनी घेतली. मध्ये पडल्या त्या शिरीषच्या आई. मला ते तळघर बघायचंय, त्या म्हणाल्या, माझा मुलगा जिथं राहिला ते. आताच चला, चहाला, असं अण्णा म्हणाले.

गाडी आई चालवत होती. दुपार कलली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची पानं साचलेली. अण्णा पुढे बसले होते, डबा मांडीवर. मी मागे, तोंड लपवून. अण्णा दर मिनिटाला बाजूच्या आरशात बघत होते. आमच्या मागून शिरीषची गाडी येत होती. पुढचा सिग्नल पिवळा झाला तशी आईने गाडी दामटली, आणि अण्णा म्हणाले, "हळू. तो मागे राहील."

"राहू दे की," आई म्हणाली. "तो काय पहिल्यांदा येतोय आपल्याकडे?"

"तीन महिन्यांनी येतोय," अण्णा म्हणाले. "हळू चालव."